अवकाश आणि अध्यात्म : प्रभाकर कोलते यांच्या चित्रांच्या निमित्ताने

१

मराठीत अमूर्त चित्रांविषयी जे लिहिले जाते त्यात काही शब्द हटकून भेटतात. अवकाश, शून्य, निर्गुण, अनाहत, ब्रह्मांड, ध्यान. चित्रकार कोणीही असो, रंगलेपन कसेही असो, लेखाच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापर्यंत यांपैकी दोन-तीन शब्द हजर होतात आणि मग चित्राविषयी अधिक काही सांगण्याची गरज उरली नाही, अशी लेखकाची आणि वाचकाचीही समजूत होते. आम्ही साहित्याचे अभ्यासक आहोत. हे शब्द आमच्या नित्य परिचयाचे आहेत, कारण ते संतसाहित्याच्या आणि त्यावरील भाष्यांच्या परंपरेतून आले आहेत. तेथे त्यांना नेमका संदर्भ आहे, साधनेची चौकट आहे, प्रतिपक्ष आहेत. चित्रसमीक्षेत ते येतात तेव्हा ही चौकट मागे राहते आणि केवळ शब्दाचे तेज पुढे येते. म्हणून या शब्दांकडे थोडे संशयाने पाहावे, असे आम्हाला बरेच दिवस वाटत आले आहे.

हा संशय तपासून पाहण्यासाठी आम्ही प्रभाकर कोलते यांचे उदाहरण निवडले आहे. कोलते यांचा जन्म १९४६ साली आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नेरूरपार येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९६८ साली त्यांनी चित्रकलेची पदविका घेतली आणि १९७२ ते १९९४ अशी बावीस वर्षे त्याच संस्थेत अध्यापन केले. मराठी अमूर्त चित्रकलेत त्यांचे स्थान निर्विवाद आहे. शिवाय ते स्वतः मराठीत कलाविषयक लेखन करणारे चित्रकार आहेत आणि त्यांच्या लेखसंग्रहाचे नाव ‘कलेपासून कलेकडे’ असे आहे. या नावाकडे आपण पुढे येणारच आहोत.

कोलते यांच्या चित्रांचे स्पष्टीकरण देण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. एक अध्यात्माची आणि दुसरी कोकणाची. दोन्ही वाटांवर काही खरे सापडते. पण दोन्हींवरून चालणारा माणूस चित्रापर्यंत पोहोचतोच, असे नाही. ते का, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम कोकणाची वाट पाहू. कुडाळहून मालवणकडे जाताना नेरूरपार लागते. तेथून कर्ली नदी खाडीचे रूप घेत देवबाग-तारकर्लीच्या बाजूला समुद्राला मिळते. जांभ्याचे सडे, पावसाळ्यात त्यांवर उगवणारे गवत, भिंतींवरचे शेवाळ, खाडीच्या पाण्यावर ओहोटीनंतर दिसणारे चिखलाचे पट्टे, हे सर्व या मुलखात आहे. कोलते यांच्या एखाद्या लालसर चित्रासमोर उभे राहून ‘हा जांभा’ आणि निळ्या-करड्या चित्रासमोर ‘ही खाडी’ असे म्हणणे अगदी सोपे आहे. ज्याने कोकण पाहिले आहे त्याला तो मोह होतोच.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा मोह अधिकच होतो, कारण या प्रदेशाने मराठी साहित्याला दिलेले जग अत्यंत मूर्त आहे. चिं. त्र्यं. खानोलकर याच परिसरातले. त्यांच्या ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) किंवा ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबऱ्यांत गाव, घर, देवस्थान, समुद्र आणि माणसांच्या मनातली भीती यांना ठळक आकार आहेत. जयवंत दळवींची आरवली तर वाचकाला आपल्या ओळखीचे गाव वाटते. लोककलांतही हेच दिसते. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे कथेला बांधलेली चित्रे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे गोल पत्त्यांवर रंगवलेले अवतार. या भूमीतून आलेला चित्रकार आकृती, कथा आणि स्थळ या तिन्हींचा त्याग करतो, याचे आश्चर्य वाटते, आणि ते आश्चर्य शमवण्यासाठी आपण त्याच्या चित्रात हरवलेले कोकण शोधू लागतो.

या शोधाला आणखी एक आधार मिळू शकतो. या किनारपट्टीतील लोकदैवते पुष्कळदा अनाकृत असतात. सातेरीचे मूळ रूप वारूळ आहे. राखणदाराला मूर्ती नसते. एखादा दगड, एखादे झाड, वाटेवरची एखादी जागा, एवढ्यावर त्याचे अस्तित्व मानले जाते आणि त्याच्यापुढे उभे राहून गाऱ्हाणे घातले जाते. मालवण तालुक्यात कुडोपी येथे जांभ्याच्या सड्यावर कोरलेली कातळशिल्पे आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातील ज्या कातळशिल्पांचा समावेश झाला त्यांत कुडोपी आहे. तेथल्या काही आकृती ओळखू येतात, काहींचा अर्थ आज कोणालाच लावता येत नाही. या साऱ्यावरून ‘अमूर्ताचा वारसा या मातीतच आहे’ असे विधान करता येईल, आणि ते वाचायला छानही वाटेल.

आमची अडचण अशी की, या विधानाने चित्राविषयी काहीच कळत नाही. वारूळ हे भाविकाला अमूर्त नसते. त्याच्या दृष्टीने ती देवीच असते, तिला नाव असते, कूळ असते, वार्षिक असते. राखणदाराला आकार नसला तरी त्याचे काम ठरलेले असते, त्याच्या हद्दी ठरलेल्या असतात. जेथे सर्व संबंध इतके निश्चित आहेत तेथे आकृतीची गरज उरत नाही, इतकाच त्याचा अर्थ. अमूर्त चित्राची परिस्थिती बरोबर उलटी आहे. तेथे कोणताच संबंध आधी ठरलेला नसतो. ते संबंध चित्राच्या पृष्ठभागावरच निर्माण व्हावे लागतात. तेव्हा लोकदैवताचे अनाकृत रूप आणि कोलते यांचे अनाकृत चित्र यांत दिसणारे साम्य वरवरचे आहे. एका माणसाच्या बालपणी या गोष्टी त्याच्या आसपास होत्या, एवढेच खात्रीने म्हणता येते. त्यापलीकडे जाऊ नये.

३

अध्यात्माची वाट अधिक लांबची आहे आणि तिचा इतिहास मुंबईतूनच सुरू होतो, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली. १८७९ च्या आरंभी ते मुंबईस आले आणि गिरगावात राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईतून निघू लागले. संस्थेचे केंद्र १८८२ साली मद्रासजवळ अड्यारला गेले. वेदान्त, बौद्ध विचार, योग, सूक्ष्म देह यांविषयीच्या कल्पना या मंडळींनी आपल्या परीने एकत्र केल्या आणि त्या पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोहोचवल्या.

या वाचकांत चित्रकार होते. मोंद्रियान १९०९ साली नेदरलंडमधील थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. कांदिन्स्कीने थिऑसॉफीचे ग्रंथ वाचले होते आणि १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या, कलेतील आध्यात्मिकतेविषयीच्या त्याच्या पुस्तकात त्या वाचनाच्या खुणा स्पष्ट आहेत. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट हिने १९०६ पासूनच, आपल्याला अतींद्रिय सूचना मिळतात या श्रद्धेने, मोठी अमूर्त चित्रे केली होती. म्हणजे युरोपातील अमूर्त चित्रकलेच्या जन्माच्या वेळी अध्यात्म आणि विश्वरचनेच्या कल्पना तेथे हजर होत्या. दृश्य वस्तूला चित्रातून काढून टाकायचे, तर तिच्या जागी काय ठेवायचे, या प्रश्नाचे एक उत्तर त्यांनी दिले. वस्तूच्या मागचे जे अदृश्य सत्य ते ठेवायचे, हे ते उत्तर.

हीच कल्पना पुढे आधुनिक कलेच्या शिक्षणाबरोबर भारतात परत आली. येथे तिला अर्थातच ओळखीचा चेहरा मिळाला. ‘अदृश्य सत्य’ याला आपल्याकडे शब्दांची कमतरता नव्हती. १९६६ साली अजित मुखर्जी यांचा तंत्रकलेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्या दशकात यंत्र, बिंदू, त्रिकोण, वर्तुळ या आकारांना भारतीय अमूर्ताची खूण मानले जाऊ लागले. जी. आर. संतोष, बिरेन डे यांची चित्रे आणि पुढे सैयद हैदर रझा यांचा ‘बिंदू’ या प्रवाहात येतात. या चित्रांची थोरवी आम्ही नाकारीत नाही. पण त्यांतील आकारांना चित्राबाहेर आधीच अर्थ आहे, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. बिंदू म्हणजे बीज, त्रिकोण म्हणजे शक्ती, असे वाचन तेथे शक्य आहे आणि काही प्रमाणात अपेक्षितही आहे. या अर्थाने ही चित्रे चित्रकथीच्या जवळची आहेत. कथा बदलली, ती विश्वोत्पत्तीची झाली, इतकेच.

मराठी समीक्षेने पुढे ही वाचनपद्धती सर्वच अमूर्त चित्रांना लावली. जेथे बिंदू नाही, त्रिकोण नाही, कोणतेही संकेत नाहीत, तेथेही संकेताचेच वाचन चालू राहिले. कोलते यांच्या चित्रांवर ‘ब्रह्मांडाचे दर्शन’ असे लेबल लावता येते ते यामुळे.

४

मात्र कोलते ज्या परंपरेत वाढले त्या परंपरेत अध्यात्माचा आणखी एक धागा आहे, आणि तो संकेतांचा नाही. तो नीट पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

शंकर पळशीकर (१९१७–१९८४) हे जे. जे.मधील थोर शिक्षक, पुढे तेथील अधिष्ठाता. भारतीय लघुचित्रे आणि तंत्रकला यांचा त्यांचा व्यासंग होता. कोलते त्यांना गुरुस्थानी मानतात. त्याच संस्थेतून १९४८ साली बाहेर पडलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे घराणे गोव्याचे, जन्म नागपूरचा आणि वाढ गिरगावच्या चाळीतली. गायतोंडे यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी झेन विचाराबरोबर रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांचाही उल्लेख केला आहे.

निसर्गदत्त महाराजांचे पूर्वाश्रमीचे नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म मुंबईचा, १८९७ चा, पण बालपण गेले ते मालवणजवळच्या कांदळगावात, शेतीच्या कामात. वडिलांच्या निधनानंतर ते पोटासाठी मुंबईस आले, विडीचे दुकान चालवू लागले. सिद्धरामेश्वर महाराजांचा अनुग्रह त्यांना मिळाला आणि पुढे खेतवाडीतल्या लहानशा जागेत ते येणाऱ्या-जाणाऱ्यांशी मराठीत बोलू लागले. या संवादांचे मॉरिस फ्रिडमन यांनी केलेले इंग्रजी रूप १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. १९८१ साली महाराजांचे निधन झाले.

कांदळगाव आणि नेरूरपार ही दोन्ही गावे मालवणच्याच परिसरात आहेत, आणि दोन्हींतून निघालेली वाट मुंबईस जाते. योगायोगाला आम्ही कारण मानीत नाही. पण एक गोष्ट लक्षणीय वाटते. निसर्गदत्तांच्या शिकवणीत विश्वाची चित्रे फारशी नाहीत. लोक, कोश, चक्रे यांच्या वर्णनात ते रमत नाहीत. ‘मी आहे’ या साध्या जाणिवेपाशी थांबा आणि तिच्यावर काही रचू नका, असा त्यांचा रोख असतो. रचलेले काढून टाकणे आणि थांबणे, अशी ही शिस्त आहे. अध्यात्माचे हे रूप कांदिन्स्कीच्या काळातील थिऑसॉफीपेक्षा फार वेगळे आहे. थिऑसॉफी अदृश्य जगाचा नकाशा देते. येथे नकाशाच बाजूला ठेवायला सांगितले जाते.

गायतोंडे यांच्या कामाच्या पद्धतीशी हे दुसरे रूप जुळते. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून ते तैलरंगाचे थर देत, काही ठिकाणी कागदाने रंग उचलून घेत. रंग लावण्याच्या वेळेपेक्षा पाहण्याचा आणि थांबण्याचा वेळ अधिक असे. १९८४ साली झालेल्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणे काही वर्षे शक्य नव्हते. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांना पसंत नव्हते. ‘वस्तुनिरपेक्ष’ असा अर्थ व्यक्त करणारी संज्ञा ते वापरीत. ‘अमूर्त’ म्हटले की कुठल्या तरी मूर्तातून काढलेला अर्क असा भास होतो, आणि त्यांच्या मते तसे काही झालेले नव्हते.

२०१३ साली मुंबईत झालेल्या लिलावात गायतोंडे यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हापासून ‘ध्यानमग्न चित्रकार’ ही प्रतिमा अधिकच घट्ट झाली आहे. बाजाराला ती सोयीची आहे. आम्हाला तिच्याविषयी एवढेच म्हणायचे आहे की, ध्यान हा चित्राचा विषय आणि ध्यान ही काम करण्याची शिस्त, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की चित्र दिसेनासे होते.

५

आता कोलते यांच्या चित्रांकडे येऊ. त्यांच्या सुरुवातीच्या कामावर पॉल क्ले (१८७९–१९४०) याचा प्रभाव ठळक आहे. क्ले हाही विश्वाविषयी बोलणारा चित्रकार होता, पण तो बाउहाउसमध्ये शिकवताना आरंभ करतो तो बिंदू, रेषा, पान, शीर, तोल, वाढ अशा गोष्टींपासून. त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट होती ती ही पायरीपायरीने जाण्याची रीत. कोलते यांना क्लेच्या चिन्हांतून बाहेर पडायला वेळ लागला. ते बाहेर पडले तेव्हा त्यांच्या चित्राची स्वतःची रचना सिद्ध झाली.

ही रचना थोडक्यात अशी सांगता येईल. कॅनव्हासचा मोठा भाग एखाद्या रंगाने व्यापलेला असतो. लाल, पिवळा, निळा, करडा. हा रंग सपाट नसतो. त्याच्या खाली आधीचे थर असतात आणि ते मधूनमधून वर डोकावतात. कुठे एखादी काटकोनी कड दिसते, कुठे ओघळ, कुठे जाळीसारखी गुंतागुंत, कुठे नुसता ओरखडा. हे आकार पृष्ठभागावर ठेवलेले आहेत की पृष्ठभागाने त्यांना झाकता झाकता सोडून दिले आहे, हे चटकन ठरवता येत नाही. पुढचे कोणते आणि मागचे कोणते याचा निर्णय पाहणाऱ्याला पुन्हापुन्हा बदलावा लागतो. बहुतेक चित्रांना शीर्षक नसते.

येथे ‘अवकाश’ या शब्दाचा विचार करावा लागतो. मराठी कलासमीक्षेत चित्रातील जागेला आपण अवकाश म्हणतो. पृथ्वीबाहेरच्या पोकळीलाही अवकाश म्हणतो, म्हणून अवकाशयान. एकाच शब्दाने दोन्ही कामे करीत असल्यामुळे, ‘या चित्रात विशाल अवकाश आहे’ असे वाक्य लिहिता लिहिता लेखक नकळत कॅनव्हासवरून अंतराळात जातो. चित्रातील जागेविषयी सुरू झालेले वाक्य ब्रह्मांडाविषयी संपते. अमूर्त चित्रांवरील मराठी लेखनात विश्व इतक्या सहजपणे येते त्याला हा शब्दही थोडाबहुत जबाबदार आहे, असे आम्हाला वाटते.

परंतु मराठीत अवकाशाचा तिसरा अर्थ आहे आणि तो जुना व घरगुती आहे. ‘अजून अवकाश आहे’ म्हणजे अजून वेळ आहे. अवकाश म्हणजे सवड, दोन गोष्टींमधील फट, उसंत. कोलते यांच्या चित्रांना लागू पडतो तो प्रथम हा अर्थ. त्यांच्या चित्रातील जागा ही एका थरानंतर दुसरा थर देण्यापूर्वीच्या सवडीतून तयार झालेली आहे. एक रंग लावला, तो वाळला, पाहिला, त्यातील काही नको वाटले, त्यावर दुसरा आला. त्याने काही झाकले, काही राहू दिले. झाकायचे काय आणि राखायचे काय, हा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागला. पाहणाऱ्याला जी खोली जाणवते ती या निर्णयांची आहे. परिप्रेक्ष्याच्या नियमांनी दाखवलेले अंतर येथे नाही. येथे साठलेला काळ आहे.

‘कलेपासून कलेकडे’ या नावाचा अर्थ या प्रकाशात पाहता येतो. कांदिन्स्कीच्या पुस्तकाच्या नावात कला आणि अध्यात्म या दोन गोष्टी आहेत आणि पहिलीने दुसरीकडे जायचे आहे. कोलते यांच्या नावात निघण्याची जागा आणि पोहोचण्याची जागा एकच आहे. वरवर पाहता हा केवळ कलावादी पवित्रा वाटेल. पण प्रवास आहे, हे विसरू नये. त्याच ठिकाणी परत यायचे असले तरी मध्ये चालावे लागते आणि परत आलेला माणूस निघालेल्या माणसासारखा राहत नाही. पंढरीच्या वाटेवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या समाजाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

६

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे बा. सी. मर्ढेकरांची आठवण होईल. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये मर्ढेकरांनी चित्राचे लौकिक अर्थ बाजूला सारून रंग-रेषांच्या संवेदना आणि त्यांची लयबद्ध रचना यांवर सौंदर्य उभे केले. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची लयतत्त्वे. चित्रात काय दाखवले आहे यापेक्षा संवेदनांचे परस्परसंबंध काय आहेत, हा प्रश्न त्यांनी मराठीत ठामपणे विचारला. अमूर्त चित्राविषयी मराठीत बोलण्यासाठी याहून चांगली पूर्वतयारी नव्हती. तरीही चित्रसमीक्षेने मर्ढेकरांची परिभाषा फारशी वापरली नाही आणि संतांची वापरली. याचे कारण उघड आहे. लयतत्त्वे वापरायची तर चित्राकडे बराच वेळ पाहावे लागते. कोणता रंग कोणत्या रंगाशी विरोध करतो, तो विरोध कोठे सुटतो, हे दाखवावे लागते. ‘निर्गुण’ म्हणायला पाहण्याची गरज नसते.

मर्ढेकरांच्या विचारातही एक उणीव राहते, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या मांडणीत रचना पूर्ण झालेली असते. ती कशी घडली, घडताना किती वेळ गेला, काय टाकून दिले गेले, याला तेथे फारशी जागा नाही. कोलते किंवा गायतोंडे यांच्या चित्रांत मात्र घडण्याचा काळ पृष्ठभागावर दिसत राहतो. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) लिहिले, कोलते यांनी लेख लिहिले, त्यामुळे चित्र घडत असतानाचा विचार मराठीत चित्रकारांच्या स्वतःच्या शब्दांत उपलब्ध झाला. साहित्याच्या अभ्यासक्रमात ललित गद्य म्हणून आपण जे शिकवतो त्यात या लेखनाचा समावेश का होऊ नये, असा प्रश्न आम्हाला पडतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पळशीकरांचा तंत्राचा व्यासंग खरा होता, गायतोंडे यांची साधनेची ओढ खरी होती. मग अध्यात्म बाजूला सारणे म्हणजे या माणसांच्या जगण्याचा अर्धा भाग नाकारणे नव्हे काय? आमचे उत्तर असे की, अध्यात्म नाकारायचे नाही, त्याची जागा बदलायची आहे. ते चित्राचा अर्थ म्हणून सांगू नये. ते चित्रकाराच्या शिस्तीत पाहावे. थांबता येणे, हाताशी असलेला सोपा आकार टाकून देता येणे, आपणच दिलेला सुंदर थर झाकण्याची तयारी असणे, या गोष्टी चित्रशाळेतल्या आहेत आणि साधकाच्याही. मोह ओळखणे आणि सोडणे याला दोन्हीकडे तोच शब्द आहे. कांदळगावच्या महाराजांची आठवण या संदर्भात उपयोगी पडते ती एवढ्यापुरतीच. त्यांनी विश्व कसे दिसते हे सांगितले म्हणून त्यांची आठवण होत नाही. आपण रचलेले बाजूला ठेवा, असे ते सांगत, म्हणून होते.

हा भेद निव्वळ शब्दच्छल नाही, कारण त्याचे परिणाम शिकणाऱ्यावर होतात. ज्या विद्यार्थ्याला अमूर्त चित्र म्हणजे ब्रह्मांड असे सांगितले जाते तो ब्रह्मांडासारखे दिसणारे चित्र काढू लागतो. निळा रंग, मधोमध एक प्रकाशाचा ठिपका, भोवती वलये. अशा चित्रांचा आज सुकाळ आहे. ती करायला सवड लागत नाही. तसेच ज्या साहित्याच्या विद्यार्थ्याला हीच परिभाषा आयती मिळते तो ग्रेस यांच्या कवितेलाही तीच लावतो आणि कविता न वाचताच ती गूढ असल्याचे लिहून मोकळा होतो.

वर्गात करून पाहण्यासारखी एक गोष्ट सुचवतो. कोलते यांच्या एखाद्या चित्रासमोर, ते शक्य नसेल तर चांगल्या छापील प्रतीसमोर, विद्यार्थ्यांना अर्धा तास बसवावे आणि त्या चित्राचे वर्णन लिहायला सांगावे. अट अशी की शून्य, अनंत, निर्गुण, ब्रह्मांड, ध्यान आणि अवकाश हे सहा शब्द वापरायचे नाहीत. कोकण, समुद्र आणि जांभा हेही नाहीत. पहिली दहा मिनिटे कोणी काही लिहिणार नाही. नंतर कोणी तरी डावीकडच्या कडेजवळ पिवळ्याच्या खालून येणाऱ्या हिरव्याविषयी एक वाक्य लिहील. दुसरा कोणी त्या हिरव्यामुळे पिवळा पुढे येतो की मागे जातो, यावर त्याच्याशी वाद घालील. हा वाद सुरू झाला की वगळलेले शब्द एकेक करून परत आणायला हरकत नाही. त्यातला कोणता शब्द त्या चित्रासाठी खरोखर लागतो आणि कोणता लागत नाही, हे विद्यार्थीच तेव्हा सांगू शकतील.